मत दिलंत ना, मग नावही येऊ द्या

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, दर मार्चमध्ये पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचा प्लेअर ऑफ द इयर जाहीर करते. त्यासाठी कोच आणि पत्रकार मत देतात आणि त्या प्रत्येकाचं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, नावासकट छापलं गेलं पाहिजे. कुणाला एकूण किती मतं पडली एवढं सांगून भागत नाही, कुणी कुणाला दिलं ते कळलं पाहिजे. बाकी अवॉर्डची व्याख्या काय असावी, फ्रेशमनला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच वर्षाच्या पोराला, द्यावं का, हरणाऱ्या टीममधल्या पोराला द्यावं का, यावर मला कसलेच नियम नकोत, भांडू देत लोक, त्यातच तर मजा आहे, पण भांडायला समोर माणूस तर पाहिजे ना, आत्ता आपण भांडतो ते नुसत्या बेरजेशी.

ज्यांना हा प्रकार परका आहे त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत कॉलेजच्या टीम्स कॉन्फरन्समध्ये वाटलेल्या असतात, एकेका कॉन्फरन्सची आपली लीग, आपली टूर्नामेंट, आपली अवॉर्ड्स. एसीसी १९५३ ची. हे अवॉर्ड १९५४ पासून आहे, पहिलं वेक फॉरेस्टच्या डिकी हेमरिकला, आणि दुसऱ्या वर्षी परत त्यालाच. मायकल जॉर्डनला १९८४ ला मिळालं, टिम डंकनला १९९६ आणि १९९७ असं लागोपाठ. तीनदा मिळालेले दोघंच, एनसी स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन आणि व्हर्जिनियाचा सात फूट चार इंची राल्फ सॅम्पसन. मेरीलँडच्या लेन बायसला १९८५ आणि १९८६ ला मिळालं, आणि १९८६ च्याच जूनमध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बॉस्टनने घेतल्यावर दोन दिवसांत तो वारला. एनबीएत तो एकही मॅच खेळला नाही, त्यामुळे त्याचं जे काही नाव आहे ते या कॉलेजच्या वर्षांचंच. अशी ही यादी आहे. वाचायला बसलं की संध्याकाळ जाते.

मी कॅरीला राहते, नॉर्थ कॅरोलायनात. ड्यूक, यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) आणि एनसी स्टेट (नॉर्थ कॅरोलायना स्टेट), एसीसीतल्या तिन्ही युनिव्हर्सिट्या गाडीने जवळच. इथे मराठी माणसं भरपूर, बरीचशी रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांमुळे आलेली, आणि आलेल्या प्रत्येकाला दोनेक वर्षांत एक रंग निवडावाच लागतो, यूएनसीचा फिका निळा, ड्यूकचा गडद निळा नाहीतर एनसी स्टेटचा लाल. निवडला नाही तर पोरं शाळेतून येऊन निवडायला लावतात. आईबाप अजून क्रिकेटमध्ये आणि दोन मुलं दोन वेगळ्या निळ्यांमध्ये अशी घरं आमच्या ओळखीत आहेत, फेब्रुवारीत त्या घरी जेवायला जाताना कपडे बघून घालावे लागतात. इथल्या जुन्या लोकांना विचारा, एसीसी टूर्नामेंटच्या शुक्रवारी शाळेत मास्तर चाकांच्या ट्रॉलीवरून टीव्ही ढकलत वर्गात आणायचे आणि त्या दिवशी शिकवणं नावापुरतंच. तेव्हा हे कुणाचंतरी खासगी बक्षीस आहे, ज्यांचं त्यांना बघू दे, असं म्हणून चालणार नाही. यातल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या सरकारी आहेत, टॅक्स आम्ही भरतो, आणि यूएनसीत तर एसीसी प्लेअर ऑफ द इयर मिळालं की पोराची जर्सी त्यांच्या डीन स्मिथ सेंटर या स्टेडियमच्या छताला लागते. म्हणजे त्या बॅलटवरच्या एका खुणेने कुणाचं नाव कायमचं वर टांगायचं ते ठरतं.

आता १९६९. माझा सगळा युक्तिवाद खरं तर इथूनच निघतो.

चार्ली स्कॉट हा न्यूयॉर्कच्या हार्लेममधला मुलगा. शिकायला नॉर्थ कॅरोलायनातल्या लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आला, ही काळ्या मुलांसाठीची नावाजलेली शाळा, आणि तिथून पहिला नंबर काढून बाहेर पडला. जाणार होता डेव्हिडसन कॉलेजला, तिथला कोच लेफ्टी ड्रिझेल याने त्याला जवळपास पक्काच केला होता. पण डेव्हिडसन गावातल्या एका हॉटेलात त्याला आणि त्याच्या शाळेच्या कोचना काळे म्हणून जेवण नाकारलं, आणि स्कॉटने कोच डीन स्मिथचं यूएनसी निवडलं. हे १९६६. यूएनसीत स्कॉलरशिपवर आलेला तो पहिला काळा खेळाडू. सगळ्या एसीसीतला पहिला काळा बास्केटबॉल खेळाडू, मेरीलँडचा बिली जोन्स, कोर्टवर उतरला तो १९६५ ला, म्हणजे हे सगळं किती ताजं होतं बघा. १९६८ ला स्कॉट मेक्सिको सिटीहून ऑलिम्पिक गोल्ड मेडल घेऊन परत आला.

पुढचा सीझन त्याचा जबरदस्त गेला. यूएनसी लीगमध्ये पहिली, १२ जिंकल्या २ हरल्या. टूर्नामेंटच्या फायनलला ड्यूकविरुद्ध स्कॉटचे ४० पॉइंट्स, ते सुद्धा बहुतेक सेकंड हाफमध्ये, टीम मागे पडलेली असताना. आणि प्लेअर ऑफ द इयर झाला साउथ कॅरोलायनाचा जॉन रोश (तेव्हा साउथ कॅरोलायना एसीसीत होती, १९७१ ला बाहेर पडली). बरं, रोश काही ऐरागैरा नव्हता हे मी पुढे बोलतेच. पण काही बॅलटवर स्कॉटचं नाव ऑल-एसीसी टीममध्ये, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंतसुद्धा नव्हतं. प्लेअर ऑफ द इयर दुसऱ्याला दिलं हे एकवेळ समजू शकतं, पण लीग जिंकलेल्या टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू, खिशात ऑलिम्पिक गोल्ड, आणि तुम्हाला तो निवडक पोरांतसुद्धा दिसत नाही? याला मतभेद म्हणत नाहीत. याला काय म्हणतात ते तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं.

नंतर एनसीएए टूर्नामेंटमध्ये, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, ईस्ट रीजनच्या फायनलला समोर कोण आलं, तर डेव्हिडसन, तोच ड्रिझेल, तेच गाव. खेळायचं की नाही असा विचार आपल्या डोक्यात होता हे स्कॉटने पुढे स्वतः सांगितलंय. खेळला. ३२ पॉइंट्स केले, आणि स्कोअर बरोबरीत असताना अगदी शेवटच्या क्षणी जंप शॉट मारला, ८७-८५, यूएनसी फायनल फोरमध्ये, म्हणजे देशातल्या शेवटच्या चारांत. ही गोष्ट इथे लोक फार रंगवून सांगतात आणि सांगावी अशीच आहे, पण मला एक खटकतं, की त्या शॉटमुळे गोष्ट गोड होऊन जाते, बघा कसं उत्तर दिलं वगैरे. उत्तर त्याने का द्यायचं? उत्तर द्यायला हवं होतं ज्यांनी ते बॅलट भरलं त्यांनी, आणि ते आपापल्या पेपरात दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच विषयावर कॉलम लिहायला मोकळे होते.

आता रोशबद्दल. १९६९ ला त्याचं सरासरी स्कोअरिंग मॅचमागे २३.६, स्कॉटचं २२.३. म्हणजे रोश किंचित पुढे, पण टीमच्या बाबतीत स्कॉटची यूएनसी पहिली आणि साउथ कॅरोलायना दुसरी. अवॉर्ड रोशला. ठीक आहे, म्हणजे मतदारांनी आकडे बघितले असं समजू. पुढच्या वर्षी, १९७० ला, स्कॉटचं सरासरी गेलं २७.१ वर आणि रोशचं २२.३. पण साउथ कॅरोलायनाने लीगमधल्या १४ च्या १४ मॅचेस जिंकल्या आणि यूएनसी ९-५ वर राहिली. अवॉर्ड परत रोशला. म्हणजे या वर्षी मतदारांनी टीम बघितली. एका वर्षी आकडे मोठे म्हणून रोश, दुसऱ्या वर्षी टीम मोठी म्हणून रोश. सुट्या सुट्या वर्षांकडे बघितलं तर दोन्ही निर्णय समर्थन करण्यासारखे आहेत, १९७० चा तर मला स्वतःला पटतो, १४-० म्हणजे खेळ नाही. पण दोन्ही वर्षं शेजारी ठेवा आणि मग सांगा की फूटपट्टी बदलली की नाही, आणि बदलली ती प्रत्येक वेळी त्याच एका पोराच्या विरुद्ध कशी काय बदलली.

आणि नेमकं इथेच नाव छापण्याचा मुद्दा येतो. समजा पन्नास मतदार आहेत. होऊ शकतं की त्यातल्या पंचवीस जणांना कायम आकडे महत्त्वाचे वाटतात आणि पंचवीस जणांना कायम टीम, प्रत्येकजण आपल्या जागी प्रामाणिक आणि मधले चारदोनच इकडेतिकडे झाले. किंवा होऊ शकतं की वीस जणांनी दोन वर्षांत दोन वेगळी कारणं वापरली आणि माणूस एकच टाळला. बेरजेवरून हे दोन प्रकार वेगळे काढताच येत नाहीत. बॅलट नावासकट असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, १९६९ चं शेजारी १९७० चं ठेवायचं आणि बघायचं. प्रामाणिक माणसांची नावंसुद्धा त्या घोळक्यातून सुटली असती. लोकांना वाटतं की गुप्ततेने मतदाराचं रक्षण होतं, पण गुप्ततेने प्रामाणिक मतदारही त्याच चिखलात राहतो, पन्नास वर्षं. पुढच्याच वर्षी, १९७१ ला, वेक फॉरेस्टचा चार्ली डेव्हिस हे अवॉर्ड मिळवणारा पहिला काळा खेळाडू ठरला, मग पंचाहत्तरपर्यंत तीन वर्षं डेव्हिड थॉम्पसन, आणि सगळे म्हणाले झालं, मिटलं. स्कॉट शेवटी २०१८ ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते अवॉर्ड मात्र त्याच्याकडे नाहीच.

आजचे मतदार तसे आहेत असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. आजचे झुकाव वेगळे आहेत आणि जास्त साधे आहेत. जो पत्रकार रोज एकाच टीमच्या प्रॅक्टिसला उभा असतो त्याला तीच टीम जास्त दिसते. ड्यूक आणि यूएनसीच्या मॅचेस मोठ्या चॅनलवर प्राइम टाइमला. आता कॉन्फरन्समध्ये १८ टीम्स झाल्यात, २०२४ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि कॅल पण आत, अटलांटिक कोस्टवर म्हणे, नकाशा बघून हसू येतं. त्यांच्या घरच्या मॅचेस आमच्याकडे रात्री झोपायच्या वेळेला सुरू होतात. १९६९ ला ८ टीम्स होत्या, प्रत्येक टीम प्रत्येकीशी दोनदा खेळायची, १४ मॅचेसमध्ये सगळं दिसायचं, आणि तरी काही लोकांना चार्ली स्कॉट दिसला नाही. मग १८ टीम्समध्ये न बघता मत देणं किती सोपं असेल? ज्याने बघून दिलंय आणि ज्याने हायलाइट्स बघून दिलंय ते दोघं त्या बेरजेत सारखेच.

२००१ ची गोष्ट बघा. ड्यूकचा शेन बॅटिए आणि यूएनसीचा जोसेफ फोर्टे यांना अवॉर्ड वाटून दिलं गेलं. बॅटिए त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला, ड्यूकने नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, पण स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये तो अर्धा विजेता. मी गडद निळ्यावाली नाही, फोर्टे मला आवडायचा, आणि मतदान झालं तेव्हा चॅम्पियनशिप व्हायची होती हेही खरं. पण बरोबरी म्हणजे काय, तर एक माणूस. एका माणसाने दुसरीकडे टिक केली असती तर यादीत एकच नाव असतं. आणि तो एक माणूस त्या मतदारांतला कुणीही असू शकतो, म्हणजे प्रत्येकजण म्हणणार मी नव्हतो बुवा.

उलट २०१३ बघा, तिथे चुकून का होईना चांगलं घडलं. त्या वर्षी पत्रकारांनी आणि कोचनी वेगवेगळं मत दिलं आणि निकालही दोन लागले. पत्रकारांचा प्लेअर ऑफ द इयर व्हर्जिनिया टेकचा एरिक ग्रीन, कोचचा मायामीचा शेन लार्किन. ग्रीन मॅचमागे २५ पॉइंट्स करत होता, देशात सगळ्यात जास्त, आणि त्याची टीम लीगमध्ये शेवटची, ४-१४. लार्किनचे आकडे त्याच्या जवळपाससुद्धा नाहीत पण मायामी पहिली, १५-३. काय सुंदर भांडण आहे हे! पत्रकार म्हणतायत खेळाडू बघा, कोच म्हणतायत जिंकून कुणी दिलं ते बघा. यातून आम्हा बघणाऱ्यांना खरंच काहीतरी कळलं, की कोच लोक कशाला किंमत देतात. त्या वर्षी नुसतं गटागटाने वेगळं दाखवलं तर एवढं कळलं. पुढे कोच आणि मीडिया एकाच पॅनलमध्ये आले आणि ते दिसणंही बंद झालं. मला विचाराल तर मी ग्रीनला दिलं असतं. शेवटच्या नंबरच्या टीममध्ये समोरचा पूर्ण डिफेन्स फक्त तुझ्यासाठी आखलेला असतो, बाकी कुणाची भीतीच नसते त्यांना, आणि तरी तू रोज रात्री पंचवीस करतोस, हे सोपं नाही. पण कोचचं म्हणणं मला समजतं, कारण ते कोच म्हणून समोर आलं.

आता लोक काय काय म्हणतात ते घेते.

पहिलं म्हणजे गुप्त मतदान हा लोकशाहीचा पाया आहे. आहेच, पण नागरिकाच्या मतदानाचा. नागरिक स्वतःच्या वतीने मत देतो, त्याला कुणाला हिशोब द्यायचा नसतो. हे पॅनलवाले लोक आमच्या वतीने, त्या खेळाच्या वतीने निवडतात. आपल्याकडचंच बघा, राज्यसभेला आमदार मत देतात तेव्हा पक्षाच्या एजंटला मतपत्रिका दाखवावी लागते, २००३ पासून कायदाच तसा आहे, आणि विधान परिषदेला तेच आमदार गुप्त मत देतात. जून २०२२ मध्ये दोन्ही निवडणुका दहा दिवसांच्या फरकाने झाल्या आणि गुप्तवालीत काय झालं, कुणाची मतं कुठे गेली, आणि त्या रात्रीपासून महाराष्ट्रात पुढे काय सुरू झालं ते सांगायची गरज नाही. प्रतिनिधी म्हणून दिलेलं मत झाकलं की त्यात बाकीचे हिशोब शिरतात.

दुसरं, ट्रोलिंग. हे मी उडवून लावणार नाही. इथे ११ मार्च २०२४ पासून मोबाइलवर बेटिंग कायदेशीर झालंय, आणि तेव्हापासून फ्री थ्रो चुकला म्हणून एकोणीस वर्षांच्या पोरांना लोक काय काय लिहितात ते बघितलं तर अंगावर काटा येतो. पत्रकारांनाही शिव्या पडतील, पडतातच. पण जरा विचार करा, शिव्या खाणारा खेळाडू नावासकट, पाठीवर नंबरासकट, वीस हजार लोकांसमोर उभा असतो आणि त्याला मार्क देणारा मात्र पडद्याआड. आणि बेटिंग आलंय म्हणूनच उलट उघडेपणा जास्त हवा. ज्या निकालावर कुठेतरी कुणीतरी पैसे लावू शकतो तो निकाल मोजक्या लोकांच्या हातात आणि ते लोक निनावी, हे ऐकायलाच बरं वाटत नाही. कुणी काही करतंय असं अजिबात नाही म्हणत मी, पण करायला जागा कशाला ठेवायची.

तिसरं, की असं कुणी करत नाही. करतात की! एनबीएने २०१३-१४ च्या सीझनपासून अवॉर्ड्सची बॅलट्स नावानिशी छापायला सुरुवात केली. त्याच्या आदल्या वर्षी लेब्रॉन जेम्स एका मतामुळे एकमताने एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, व्हायचा राहिला होता, कार्मेलो अँथनीला मत देणारा तो पत्रकार बॉस्टनचा, त्याने स्वतःहून पुढे येऊन मी दिलं आणि का दिलं ते लिहिलं. लोक चिडले, त्याने आपलं म्हणणं मांडलं, संपलं. बेसबॉलवाले एमव्हीपीची बॅलट्स छापतात. आणि सगळ्यात गंमत म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचाच एपी टॉप २५ पोल, म्हणजे एपी या वृत्तसंस्थेसाठी पत्रकारांनी लावलेली पहिल्या पंचवीस टीम्सची क्रमवारी, दर आठवड्याला कुणी कुणाला कितवं ठेवलं ते नावानिशी दाखवतो. म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुणी कुठल्या टीमला तेविसावं ठेवलं हे मला बघता येतं, जे दोन आठवड्यांत कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि ज्याने जर्सी छताला लागते ते मात्र झाकलेलं. काही एसीसी पत्रकार आपलं बॅलट आपणहून लिहून टाकतात, कारणांसकट, त्यांच्याशी मी दरवर्षी मनातल्या मनात भांडते आणि त्यांचंच बाकी सगळं लिखाण जास्त विश्वासाने वाचते.

कोचचं काय? इथे खरी अडचण आहे हे मान्य. कोचला उद्या त्याच दुसऱ्या कोचशी शेड्यूलवर बोलायचं असतं, त्याच पोरांच्या मागे रिक्रूटिंगला फिरायचं असतं, आणि आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलण्याच्या सोयीमुळे, आज समोरच्या टीममध्ये असलेला पोरगा पुढच्या वर्षी आपल्याकडे येऊ शकतो, मग त्याला मत दिलं किंवा नाही दिलं याला वेगळाच वास येतो. पण हाच तर मुद्दा झाला ना? इतके हितसंबंध ज्या मतात आहेत ते मत तुम्ही सांगताय की झाकूनच ठेवा. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचेस पोलमध्ये, म्हणजे कोचनी लावलेल्या क्रमवारीत, सीझनच्या शेवटची बॅलट्स २००५ पासून उघड असतात, तिथेही अशीच ओरड झाली होती, कोच लोक अजून एकमेकांशी बोलतात.

आणि आता तर पैसाही आलाय. २०२१ पासून पोरं स्वतःच्या नावावर कमवू शकतात, २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे वाटतात, एका कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी डॉलरपर्यंतची मुभा, सगळे खेळ मिळून. अशात प्लेअर ऑफ द इयर हा शिक्का म्हणजे पुढच्या बोलणीत टेबलावर ठेवायचा कागद. २०२१ चा विजेता मोझेस राइट आमच्या इथलाच, रॅलेच्या एन्लो हायस्कूलचा, शाळेतून बाहेर पडताना मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, जॉर्जिया टेकने घेतला आणि चार वर्षं घासून तो इथवर आला. २०२२ चा अलाँडेस विल्यम्स ओक्लाहोमाहून वेक फॉरेस्टला आला आणि एकाच वर्षात लीगमध्ये पॉइंट्समध्ये पुढच्या रांगेत आणि असिस्टमध्ये, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करायला पास देण्यात, पहिला. अशा पोरांना, ज्यांच्यामागे ना मोठं चॅनल ना मोठं नाव, त्यांनाच उघड बॅलटचा जास्त फायदा आहे असं मला वाटतं, कारण न बघता मोठ्या नावाला टिक करणाऱ्याला मग लिहायला लागेल का केलं ते.

फ्रेशमनबद्दल इथल्या म्हाताऱ्या फॅन्सची कुरकुर असते, एक वर्ष येतात आणि जातात, त्यांना कशाला. २०१५ पर्यंत एकाही फ्रेशमनला हे मिळालं नव्हतं, पहिला ड्यूकचा जालील ओकाफोर, मग २०१८ ला मार्व्हिन बॅगली, २०१९ ला झायन विल्यमसन, २०२५ ला कूपर फ्लॅग, चौघंही ड्यूकचेच. फ्लॅगच्या वर्षी कुणी काय भांडणार होतं, नोत्र दामविरुद्ध ४२ पॉइंट्स, टीम लीगमध्ये १९-१. झायनचं जास्त इंटरेस्टिंग आहे, यूएनसीविरुद्ध पहिल्याच मिनिटात बूट फाटला, गुडघा दुखावला, काही मॅचेस गेल्या, तरी मिळालं. मला ते बरोबर वाटतं. पण ज्याला वाटलं नाही, ज्याने गैरहजेरी मोजली, त्याचंही लॉजिक आहे आणि मला ते त्याच्याकडून वाचायचंय. हेच लॉजिक त्याने दुसऱ्या कुठल्या पोराला लावलं का, तेही बघायचंय.

करायचं काय ते फार थोडं आहे. निकालाच्या दिवशीच एक तक्ता टाका, नाव, पेपर किंवा कॉलेज, आणि मत. कारण लिहिणं ऐच्छिक ठेवा, जबरदस्ती केली की सगळे तीच दोन गुळगुळीत वाक्यं लिहितील. ज्याला नाव द्यायचं नाही त्याने पॅनलवर बसू नये, रांगेत दुसरे पुष्कळ आहेत, कॉलेजच्या पेपरात लिहिणारी वीस वर्षांची पोरंपोरीसुद्धा बऱ्याच जणांपेक्षा जास्त मॅचेस बघतात. आणि कोच अगदीच तयार झाले नाहीत तर २०१३ सारखं त्यांचं अवॉर्ड वेगळं करा, ते झाकून द्या हवं तर, पत्रकारांचं उघड्यावर द्या, आणि जर्सी कुठल्या अवॉर्डवर टांगायची ते प्रत्येक कॉलेजला ठरवू द्या.